चंद्रशेखरचं गेलेलं लिगामेंट

पिंपळगाव राजाला बसस्टँडवर उतरून कोणालाही "प्लेअरचं घर कोणतं?" म्हणून विचारा. शेंबडं पोरगंही तुम्हाला गुलाबरावच्या दारात नेऊन उभं करील. पण हा प्लेअर खेळतो काय, हे मात्र विचारू नका. समोरचा माणूस आधी गडबडेल, मग चिडेल. म्हणेल, "बाहेरगावचे दिसता. खेळ कोणता बी असो, लिगामेंट गेलं ना त्याचं!"

गुलाबरावचा हा थोरला पोरगा चंद्रशेखर. घरात शेखर, गावात शेखऱ्या. बारावीपर्यंत त्याच्यात सांगण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे उंची. कोणाचा पतंग कडुलिंबात अडकला की शेखऱ्याला हाक. खामगावच्या कॉलेजात नाव घालायला गेला तेव्हा रांगेत त्याचं डोकं सगळ्यांच्या वर दिसलं आणि खेळाच्या सरांनी ते लांबूनच हेरलं.

"व्हॉलीबॉल खेळतोस का?"

शेखरनं हो म्हटलं. ते अगदीच खोटं नव्हतं. गावात पोट्टे खेळायचे तेव्हा कपाशीत गेलेला बॉल आणून द्यायचं काम त्याच्याकडंच असायचं.

पहिल्या दिवशी पहिला बॉल त्यानं नाकावर घेतला. दुसरा हातावर घेतला, पण तो मागे गेला आणि प्राचार्यांच्या गाडीचा आरसा घेऊनच थांबला. सरांनी त्याला बाकावर बसवलं. तो तिथंच बसला, थेट पदवी हातात पडेपर्यंत. मात्र बाकावर बसायच्या आधीच त्याला संघाचा ट्रॅकसूट मिळून गेला होता. निळा, पाठीवर कॉलेजचं नाव. सगळ्या गोष्टीचं मूळ तो ट्रॅकसूट आहे.

शेखरच्या लवकरच ध्यानात आलं की मैदानावर खेळावं लागतं, पण मैदान सोडून बाकी सगळीकडं ट्रॅकसूटवर भागतं. कँटीनमध्ये भागतं, लायब्ररीत भागतं, बसमध्ये तर फारच भागतं. कंडक्टर "खेळाडू का?" म्हणून विचारतो आणि दोन शब्द आदरानं बोलतो. मग शेखरनं गळ्यात टॉवेल टाकायला सुरुवात केली. चहा सोडला आणि भिजवलेले चणे रुमालात बांधून आणायला लागला. सगळ्यांच्या देखत एकेक चणा मोजून खायचा, जसं काही वरून कोणी प्रशिक्षक पाहून राह्यला. चालता चालता मध्येच थांबून खांदे फिरवायचा. वर्गात सर शिकवत असले तरी मान कडाकडा मोडायचा.

राहिली ती फक्त दुखापत. तीही एका सकाळी मिळाली. बसमधून उतरताना चपलेचा अंगठा तुटला आणि शेखर टोंगळ्यावर आपटला.

टोंगळा म्हणजे गुडघा. पुण्याकडं गुडघा म्हणतात, म्हणोत बापडे. पण गुडघा म्हटल्यावर ती जागा डोळ्यांपुढं येत नाही. टोंगळा म्हटलं की हाडासकट दिसते. तर टोंगळा सोलून निघाला. मेडिकलवाल्यानं लांबलचक पट्टी गुंडाळून दिली. तसाच पाय ओढत शेखर वर्गात गेला, तेव्हा डिंपल नावाच्या पोरीनं विचारलं, "अरे, काय झालं?"

आता टोंगळा फुटला म्हणावं, तर टोंगळे म्हाताऱ्यांचे दुखतात आणि लहान पोरांचे फुटतात. दोघांनाही कोणी भाव देत नाही. त्याच आठवड्यात संघाच्या कप्तानाच्या तोंडून शेखरनं एक शब्द ऐकला होता. तो त्यानं सोडून दिला.

"लिगामेंट."

डिंपलनं उठून त्याला खिडकीजवळची स्वतःची जागा दिली. मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणालं, "बाप रे, लिगामेंट!" पुढं शेखरचा टोंगळा बरा झाला, पण लिगामेंट काही बरं झालं नाही. पट्टी सुटली तेव्हा त्यानं गुडघ्यावर चढवायचा काळा पट्टा विकत घेतला आणि लंगडणं चालू ठेवलं.

लंगडणं हे सोपं काम नाही. हर्षल त्याच्याच गावचा, रोज त्याच बसनं येणारा. त्यानं एकदा दुपारी कँटीनबाहेर अडवलं.

"बे शेखऱ्या, सकाळी बसमंधी चढताना डावा पाय ओढून राह्यलता. आता उजवा काऊन?"

शेखरनं खाली पाहिलं. "लोड शिफ्ट होते बे. डाव्याचा भार उजव्यावर येते."

"आन घरी गेल्यावर कुठी जाते तो भार?"

"घरी रेस्ट राह्यते."

घरची रेस्ट हर्षलला ठाऊक होती. गुलाबराव म्हणजे सरळ माणूस. पोरगा पहिल्यांदा लंगडत घरी आला तेव्हा त्यांनी सोयाबीनचं पोतं दाखवलं आणि म्हणाले, "लंगडाचं असन तं कॉलेजात लंगड. अथी हे उचल." शेखरनं उचललं. गल्लीच्या तोंडापर्यंत लंगडत यायचं आणि घराचं दार दिसलं की नीट चालायचं, असा नेम पडून गेला.

एकदा आंतरमहाविद्यालयीन सामने लागले. ऐन खेळात एका पोट्ट्याचा घोटा मुरगळला. सरांनी बाकाकडं पाहिलं. शेखरचा हात पट्ट्यावर गेलेलाच होता.

"सर, लिगामेंट..."

"तुझं लिगामेंट मला ठाऊक आहे," सर म्हणाले. "बस तू."

दुसऱ्या राखीव पोट्ट्याला उतरवलं आणि संघ सामना हरला. गावात गोष्ट आली ती अशी, की आपला शेखऱ्या लिगामेंटपायी बसून होता म्हणून कॉलेज हरलं, नाहीतर चषक खामगावचाच होता. जो खेळतो तो कधी ना कधी हरतो. जो बसून राहतो त्याला कोण हरवणार? शेखरची कीर्ती वाढत गेली. मोटारसायकलच्या नंबरप्लेटवर वरच्या बाजूला "प्लेअर" आलं. बाप म्हणाला, "हे काय लिवलं बे?" माय, तानाबाई, म्हणाली, "राहू द्या ना. कोनाच्या पोराच्या गाडीवर देवाचं नाव राह्यते, आपल्याच्या गाडीवर हे हाय."

कॉलेज संपलं. शेखर शेतीला लागला आणि मनापासून लागला, हे सांगितलं पाहिजे. कपाशी, सोयाबीन, मध्ये तूर. सकाळी शेतात तो गड्यासारखा राबायचा आणि संध्याकाळी आंघोळ करून, पट्टा चढवून, लंगडत भागवतच्या टपरीवर यायचा. भागवत चहा करायचा, पान लावायचा आणि गावातल्या सगळ्या बातम्यांवर शेवटचा हात फिरवायचा. शेखर आला की तो बाकड्यावरच्या माणसाला उठवून म्हणायचा, "सरक बे, प्लेअरले बसू दे. त्याचं लिंगामेंट गेलं हाय."

भागवतच्या जिभेला तो शब्द तसाच बसला होता. लिंगामेंट. मध्ये एक अनुस्वार जास्त. गावात कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

मग लग्नाचं निघालं आणि शेखरला कळलं की बाजारात प्लेअरला भाव नाही. पाहुणे यायचे, पोहे खायचे, विचारायचे, "पोरगा करते काय?" शेती म्हटलं की चहा अर्धा ठेवून बस पकडायचे. शेतकऱ्याला पोरगी द्यायची नाही, हे शेतकऱ्यांनीच ठरवून टाकलंय. शेखरच्या वर्गातल्या पोट्ट्यांची लेकरं शाळेत जायला लागली. तानाबाई दर पौर्णिमेला नवा उपास धरायची. जुना मात्र सोडत नव्हती, त्यामुळं ती आठवड्यात जेवायची कधी, हाच प्रश्न होता.

अशात संग्रामपूरकडचे उत्तमराव आले. स्वतः संत्र्याचा बगीचा करणारे. त्यांची पोरगी दीपमाला एका कृषी केंद्रात कामाला होती आणि तिला शेतकरीच चालणार होता, फक्त धड शेतकरी पाहिजे होता. बघण्याच्या कार्यक्रमात तिनं शेखरला उलटा प्रश्न केला, "बोंडअळीले तुमी काय करता?" शेखरनं सांगितलं. तिनं त्यातली एक चूक काढली. शेखर तिथंच गार झाला. पसंती झाली, पत्रिका जुळली, फोन नंबर दिले-घेतले. घरी येताना त्यानं हर्षलला सांगितलं, "बे, हेच. हे नाही झालं तं मी दुसरी पाहातच नाही."

आता राहिली होती फक्त चौकशी.

आमच्याकडं ही रीत आहे. पोरगी द्यायची तर बाप एक दिवस न सांगता पोराच्या गावात येतो आणि चहाच्या टपरीवर बसून लोकांना विचारतो. गावालाही रीत ठाऊक असते. पोराबद्दल नुसतं चांगलं सांगितलं तर पाहुण्याला संशय येतो, म्हणून चांगलं चांगलं सांगून शेवटी एखादी बारीकशी खोट सांगायची. जरा तापट हाय. जरा लाजरा हाय. भागवत यात वाकबगार. त्याच्या टपरीवरून आजवर एकही सोयरीक मोडली नव्हती.

उत्तमराव बाजाराच्या दिवशी आले. चहा घेतला आणि विचारलं, "हे गुलाबरावचं पोट्टं कसं हाय, भाऊ?"

भागवतनं ओळखलं. "हिरा हाय बाप्पा. शेतात वाघावानी काम करते."

"दारूबिरू?"

"बाटलीचं बूच बी पाह्यलं नाही त्यानं."

"म्हन्जे काहीच खोट नाही?"

"खोट म्हनान तं..." भागवतनं पानाला चुना लावत आवाज खाली घेतला. "कॉलेजात खेळता खेळता त्याचं लिंगामेंट गेलं. तेवढंच."

उत्तमरावांचा कप हवेत थांबला. "गेलं?"

"गेलं."

"पुरं?"

"डॉक्टर म्हन्ते थोडंसंक हाय म्हून. पन पयल्यावानी नाही. पट्टा बांधून राह्यते."

"पट्टा!"

"हाव. पट्ट्यावर काम भागते. जड पडलं का बसून घेते मंग."

उत्तमरावांनी कपाळावरचा घाम पुसला. "आन हे घरच्याइले माहीत हाय?"

"घरच्याइले? साऱ्या गावाले माहीत हाय! त्यात लपवाचं काय? मोठ्या मोठ्या खेळाडूइचं जाते."

उत्तमराव कप तसाच ठेवून उठले आणि मिळेल त्या बसनं निघून गेले. भागवतला वाटलं, काम झालं.

दुसऱ्या दिवशी निरोप आला की पत्रिका जुळत नाही. तानाबाई म्हणाली, "आवं, जुयली होती ना! का चंद्र-सूर्य जागा बदलून राह्यले?" गुलाबराव शेताकडं निघून गेले. शेखरनं दीपमालाला फोन लावला, तिनं उचलला नाही. परत लावला, तरी नाही. शेवटी तिचाच फोन आला. आवाज दबका, घराच्या मागे उभी राहून बोलत असावी.

"आमच्या घरी सांगून राह्यले का तुमचं... जाऊ द्या. तुमीच सांगा. काय गेलं तुमचं?"

"माह्यं? काही नाही गेलं. लिगामेंट तेवढं..."

"तेच! ते राह्यते कुठी?"

"टोंगळ्यात."

पलीकडं हसू फुटलं, ते तोंडावर हात दाबूनही आवरेना.

"मंग टोंगळा म्हना ना मानसावानी! बाबाले काय वाटलं माहीत हाय का? मायनं तं जेवन सोडलं दिवसभर."

शेखरच्या डोक्यात आत्ता कुठं उजेड पडला. "मंग तुमी सांगा ना त्याइले."

"मी? पोरीनं बापापुढं बसून हे बोलाचं? तुमी या आन तुमीच सांगा." मग तिचा आवाज बदलला. "आन एक सांगा. टोंगळा तरी खरंच गेला हाय का? मले वावरात चालनारा मानूस पाहिजे."

शेखर म्हणाला, "येतो." आणि फोन ठेवला. टोंगळा गेला म्हणावं तर पोरगी जाते. गेला नाही म्हणावं तर प्लेअर जातो.

साक्षीला म्हणून हर्षलला घेतलं. गाडीवर मागं बसून हर्षल म्हणाला, "मी काय सांगू बे तथी?"

"खरं सांग."

"खरं तं मलेबी माहीत नाही का कोनता पाय व्हता."

उत्तमराव ओसरीवर खाटेवर बसले होते. त्यांनी या-बसा म्हटलं, पण ओठातल्या ओठात. विमलबाई, म्हणजे दीपमालाची आई, भिंतीला टेकून पाय लांब करून तांदूळ निवडत होती. दीपमाला आत, दाराच्या मागं. शेखर पाणी प्यायला आणि त्यानं एका दमात बोलून टाकलं.

"मामाजी, तुमाले त्या भागवतनं जे सांगतलं ते टोंगळ्यात राह्यते."

उत्तमरावांनी हर्षलकडं पाहिलं. हर्षलनं मान डोलवली आणि स्वतःचा टोंगळा बोटानं दाखवला. "अथी, काका. आत. दोरीवानी राह्यते."

"टोंगळ्यात?" उत्तमरावांच्या अंगातून हवा निघाल्यासारखं झालं. ते मागं टेकले. "अबे, मंग लिंग-बिंग काऊन म्हन्ते तो लेकाचा!" दारामागं काहीतरी पडल्याचा आवाज झाला. "बरं. मंग टोंगळा कसा हाय आता?"

"चांगला हाय."

"दुरुस्त झाला?"

हीच वेळ होती. नुसतं हाव म्हणायचं होतं. प्लेअर शाबूत राहिला असता, टोंगळा शाबूत राहिला असता, पोरगीही मिळाली असती. शेखरच्या तोंडात हाव आलंही होतं. पण विमलबाईनं तांदळाचं सूप खाली ठेवलं आणि ती पुढं सरकली.

"कोन्या डॉक्टरनं केला रे दुरुस्त? सांग ना बाप्पा. माह्ये दोन्ही टोंगळे गेले. अकोल्याले दाखवलं, शेगावले दाखवलं. रातभर चमका निघते. तुह्या डॉक्टरचं नाव सांग, उद्याच जातो आमी."

ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. शेखरनं एकदा आढ्याकडं पाहिलं, एकदा हर्षलकडं. हर्षल अंगण न्याहाळत होता.

"मामीजी, डॉक्टर नाही."

"मंग औषीद?"

"औषीद बी नाही. टोंगळा गेलाच नव्हता."

"आन पट्टा?"

"असाच."

उत्तमराव खाटेवर ताठ झाले. "म्हन्जे खेळताना लागलं नाही?"

"खेळलोच नाही जी."

"कधीच?"

"एक दिवस. नाकावर लागला."

"मंग एवढे वर्षं कॉलेजात करत काय होता?"

शेखरनं खाली मान घालून सांगितलं, "लंगडत होतो."

हर्षलनं तेवढ्यात पाण्याचा घोट घेतला होता, तो नाकातून बाहेर आला. विमलबाई मात्र हसली नाही. तिनं शेखरच्या पायाकडं बोट केलं. "आता बी घातला हाय का तो?"

घातला होता. पँटच्या आत. सवयीनं.

"काढ. आन दे इकडं. ज्याचे टोंगळे गेले त्याले पट्टा नाही, आन हा घोड्यावानी पोट्टा बांधून फिरते."

शेखरनं पँट वर सरकवून पट्टा काढला आणि दिला. विमलबाईनं तो उलटसुलट करून पाहिला, चढवला आणि उठून दोन येरझारा घातल्या. "बरा हाय," म्हणाली.

उत्तमराव तिच्या येरझारा पाहत होते. "दारू पेत नाही म्हननारे दारुडे पाह्यले. चार एकराचे चौदा सांगनारे पाह्यले. धडधाकट असून लंगडा म्हननारा पयलाच पाहून राह्यलो," ते म्हणाले. "आज तू खरं बोलला का अडकला म्हून बोलला, मले कसं समजाव? सोयऱ्याइत माह्या पोरीची गोष्ट झाली. असं कर. ज्या टपरीवर मी आयकलं, तथी जाऊन तुह्या तोंडानं सांग. मी बाजूले बसतो."

पुढच्या बाजाराला टपरी भरलेली होती. उत्तमराव बाकड्याच्या टोकाला बसले. शेखर सरळ चालत आला, तसं दोघं-तिघं चमकले. त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं की तो खेळाडू नव्हता, कधी खेळला नाही आणि त्याचं काहीच गेलेलं नाही.

मग भागवतनं पानाची कात्री खाली ठेवली आणि डोळे टिपल्यासारखे केले.

"पाहा बाप्पाहो! लग्नापायी पोट्टा आपला खेळ बी नाही म्हून राह्यला."

"अबे भागवतदादा, खरंच सांगून राह्यलो! माह्यी सर्व्हिस कधी जाळीच्या वर गेली नाही!"

"मोठा खेळाडू सोताचं मोठेपन सांगतच नाही," मागून कोणीतरी म्हणालं. "आन पाय दुखत असून कसा सरळ चालून राह्यला, पाहा. सासरा बसला हाय ना."

"सरक बे, बसू दे त्याले!"

शेखरनं शपथा घेतल्या. हर्षलला साक्षीला ओढलं, तर लोक हर्षललाच म्हणाले की तू जळतोस त्याच्यावर. शेवटी शेखर घामेघूम होऊन उत्तमरावांकडं वळला. "मामाजी, मी सांगतलं. हे आयकून नाही राह्यले."

उत्तमरावांनी खिशातून फोन काढून घरी लावला. पलीकडून विमलबाईचा आवाज सगळ्या टपरीला ऐकू आला. "काय झालं? मानलं का गावानं?"

"नाही मानलं."

"मंग? आता?"

उत्तमरावांनी शेखरकडं एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आता काय," ते म्हणाले, "दिवाळीनंतरची तारीख पाहू. आपल्याले पोरगी पोट्ट्याले द्याची हाय, गावाले थोडीच द्याची हाय."